हप्ते त्याने भरले, मग घर त्याचंच का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई गोरेगावच्या आहेत. चौदा वर्षांचा संसार, मुलगी सातवीत. २०१३ साली दोघांच्या नावावर ८५ लाखांचा फ्लॅट घेतला. डाउन पेमेंट २० लाख, त्यातले ८ लाख ताईंकडचे: ५ लाख स्वतःच्या पीएफ आणि बचतीतले, ३ लाख वडिलांनी चेकने दिलेले. ६५ लाखांचं कर्जही दोघांच्या नावावर. २०१७ पर्यंत ताई दरमहा २० हजार हप्त्यासाठी जॉइंट खात्यात टाकत होत्या. मग सासूबाई आजारी पडल्या, मुलगी लहान, म्हणून दोघांनी ठरवून ताईंनी नोकरी सोडली. आता वेगळं व्हायचं ठरलंय. नवरा म्हणतो, "हप्ते मी भरले, घर माझं." माहेरचे म्हणतात, "घटस्फोटात अर्धं मिळतंच." त्यातलं खरं कोणतं, शिवाय सासूबाईंच्या लॉकरमधल्या दागिन्यांचं आणि सासऱ्यांच्या गिरगावातल्या पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या, खोलीचं काय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, दोघंही चूक सांगतायत. मी वीस वर्षांहून जास्त काळ बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वकील म्हणून काम करते आहे. या दोन वाक्यांमुळे जितके खटले विनाकारण लांबलेले मी पाहिलेत, तितके दुसऱ्या कशाने लांबलेले पाहिले नाहीत.

आधी माहेरच्यांचं. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही. ज्याच्या नावावर, ज्याच्या पैशातून, त्याची. घटस्फोटाच्या वेळी सगळं एका ढिगात टाकून अर्धं अर्धं करा, असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात नाही. गोव्यात आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक धरतात. आपल्याकडे असं काही व्हावं म्हणून २०१० साली विवाह कायद्यांत दुरुस्ती करणारं विधेयक आलं. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूरही केलं, पण लोकसभेत अडकलं आणि २०१४ ला ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही बारगळलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, पण त्याचा आवाका छोटा. लग्नात किंवा लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या आणि दोघांच्या समाईक असलेल्या वस्तूंपुरतं ते बोलतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ थोडा रुंद केला: वस्तू लग्नाच्या दिवशीच मिळालेली हवी असं नाही, लग्नाशी नातं हवं. तरीही गोरेगावचा फ्लॅट त्या कलमात बसत नाही. फ्लॅटचा वाद १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली येतो. नवरा-बायकोतला मालमत्तेचा दावा तेच कोर्ट ऐकतं, त्यासाठी वेगळ्या दिवाणी न्यायालयात जावं लागत नाही. म्हणजे घटस्फोटाच्या अर्जात नुसतं "मला न्याय्य वाटा मिळावा" लिहून चालत नाही. घराचा दावा वेगळा आणि नेमका मांडावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेमुळे घटस्फोट, पोटगी आणि मालमत्तेच्या अशा वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हेही लक्षात असू द्या. दीड कोटीच्या घराच्या दाव्याची फी कुठून आणू, या विचाराने गप्प बसलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

आता नवऱ्याच्या वाक्याकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

दोघांच्या नावावर नोंदणीकृत करारनामा आहे म्हणजे तुम्ही दोघं सहमालक आहात, ही सुरुवात. कोणाचा वाटा किती, हे करारात लिहिलेलं नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं. पैसा समाईक निधीतून गेला असेल तर त्या निधीत ज्याचा जितका हक्क तितका घरात. वेगवेगळ्या पैशातून गेला असेल तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात. आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर समान वाटा धरतात.

तुमच्या आकड्यांवर हे करून बघू. घराचा आजचा भाव १ कोटी ६० लाख आणि कर्ज अजून ४० लाख बाकी आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वाटायला उरतात १ कोटी २० लाख. हप्ता साधारण ५८ हजार ५०० चा, बारा वर्षांत भरले सुमारे ८४ लाख. डाउन पेमेंट धरून घरात गेले १ कोटी ४ लाख. त्यात कागदावर तुमचे ८ लाख, आणि चार वर्षं २० हजारांप्रमाणे ९ लाख ६० हजार. एकूण साडेसतरा लाखांच्या आसपास. प्रमाण झालं १७ टक्के, म्हणजे आजच्या भावाने जेमतेम २० लाख. नवऱ्याचे वकील हाच हिशोब मांडतील आणि तो चुकीचा आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. अपुरा आहे, एवढंच म्हणता येईल.

तो अपुरा का, ते सांगते. २०१७ नंतरचे हप्ते नवऱ्याच्या पगारातून गेले, बरोबर. पण तो पगार कोणाच्या जिवावर अखंड चालू राहिला? नोकरी सोडण्याचा निर्णय दोघांचा होता. तो निर्णय घेतला नसता तर सासूबाईंना अटेंडंट, मुलीला पाळणाघर, शिवाय स्वयंपाकाला बाई ठेवावी लागली असती आणि हप्त्याचे पैसे उरले असते की नाही, हा प्रश्नच होता. आणि तुमच्या प्रकरणात एक जमेची बाजू आहे, जी तुम्ही दोन शब्दांत उरकलीत: हप्ते जॉइंट खात्यातून जात होते. हे खातं समाईक निधी होतं, घरखर्च, शाळा, औषधं, हप्ते सगळं तिथूनच चालायचं, असा युक्तिवाद करायला जागा आहे. तो मान्य झाला तर हप्ते दोघांचे निम्मे निम्मे धरायचे आणि डाउन पेमेंट ज्याचं त्याचं. तसं केलं तर तुमचे ८ आणि हप्त्यातले ४२, असे ५० लाख होतात. प्रमाण ४८ टक्के, रक्कम ५७-५८ लाख.

बघा, एकाच घराचे दोन प्रामाणिक हिशोब, एक २० लाखांचा आणि एक ५८ लाखांचा. मधलं अंतर घरात बसून केलेल्या कामाला किंमत आहे की नाही, या एका गोष्टीचं आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सरळ म्हटलं की गृहिणीचं काम हे मालमत्ता उभी करण्यातलं योगदानच आहे, आणि नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत बायकोला निम्मा वाटा दिला. तो निकाल मुंबईच्या कोर्टाला बांधील नाही. पण दाखवता येतो आणि मी दाखवते.

एक बैठक मला अजून डोळ्यांसमोर आहे. माझी पक्षकार परळची. मध्यस्थांसमोर बसलो होतो, टेबलाच्या एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही. समोरचे वकील सांगत होते की बाईंचं आर्थिक योगदान शून्य. तिने कापडी पिशवीतून वह्या काढल्या, लाल पुठ्ठ्याच्या, एका वर्षाला एक अशा अकरा. दूध, वाणी, क्लासची फी, गॅस, रोजच्या रोज. मध्यस्थ बाईंनी मधलीच एक वही उघडली आणि वाचायला लागल्या. "बाबा डायलिसिस, टॅक्सी १८०." दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा दोन दिवसांनी. त्यांनी मान वर न करता नवऱ्याला विचारलं, "बाबा म्हणजे तुमचे वडील ना? त्यांना घेऊन कोण जायचं?" तो म्हणाला, "हीच." "तुम्ही कुठे असायचात?" "कामावर." त्या पानं उलटत राहिल्या. वह्यांमध्ये आठवड्यातून तीन नोंदी, दीड वर्ष. मग वही मिटून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुमची रजा कधी खर्ची पडली नाही." तो काही बोलला नाही. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलांनी जो आकडा आणला तो आधीच्या दुपटीहून जास्त होता.

म्हणून तुमच्याकडे जे आहे ते जमवा. डायरी, शाळेत सही कोणाची, सासूबाईंच्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून नाव कोणाचं, नोकरी सोडतानाची राजीनाम्याची ईमेल, आणि त्या आधी नवऱ्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं. "सोड तू नोकरी, आईकडे बघायला कोणीतरी हवं" असं एक वाक्य सापडलं तरी त्याचं वजन मोठं आहे.

घर एकाच्याच नावावर असणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण असेही बरेच जण हे वाचतील. नाव नवऱ्याचं आणि पैसे बायकोचेही, किंवा उलट, अशा वेळी "हा बेनामी व्यवहार आहे, दावाच करता येणार नाही" असं सांगून घाबरवलं जातं. बेनामी कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीत नवरा-बायकोला अपवाद आहे: पैसा ज्ञात उत्पन्नातून आलेला असेल तर जोडीदाराच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचं ओझं मात्र दावा करणाऱ्यावर. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव आहे म्हणजे मालकी, नॉमिनी आहे म्हणजे मालकी, हे दोन्ही समज काढून टाका. मालकी ठरते करारनाम्यावरून आणि पैशावरून. नॉमिनी सांभाळणारा असतो. आणि मुंबईपुरता एक नियम फार थोड्यांना माहीत असतो: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९३९ च्या मुंबई दुरुस्तीप्रमाणे बृहन्मुंबईतल्या घरावर दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही आणि मधल्या काळात जोडीदाराने घर विकलं, तर घेणारा त्या दाव्याने बांधला जात नाही. दावा दाखल केला त्याच आठवड्यात हे काम करून घ्या.

कर्जाबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी एका जोडप्याच्या कन्सेन्ट टर्म्स, म्हणजे संमतीच्या लेखी अटी, केल्या. घर तिचं, उरलेले हप्ते त्याने भरायचे, सगळं छान मराठी-इंग्रजीत लिहिलं, घटस्फोट झाला. पावणेदोन वर्षांनी त्याची नोकरी गेली, हप्ते थांबले आणि बँकेची साठ दिवसांची नोटीस तिच्या दारात आली. कर्जात तिचं नाव तसंच होतं. तिने कोर्टाचा हुकूम दाखवला, बँकेने सांगितलं, हा तुमच्या दोघांतला करार, आम्ही त्यात नव्हतो. बँकेचं बरोबर होतं. चूक माझी होती. तिने पाटल्या मोडून थकबाकी भरली. तेव्हापासून मी बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय अशा अटींवर पक्षकाराची सही घेत नाही. घर ज्याच्याकडे जाणार त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर बँक कर्ज चालू ठेवायला तयार आहे का, दुसऱ्याचं नाव काढते का, की दुसऱ्या बँकेत कर्ज हलवावं लागेल, हे आधी विचारायचं. तुमचं आज उत्पन्न नाही, म्हणून घर तुम्ही ठेवायचं ठरवलंत तर ४० लाखांचं कर्ज तुमच्या नावावर कोणी चालू ठेवेल अशी शक्यता कमी. हे कटू आहे, पण आत्ताच कळलेलं बरं.

मग उरतात तीन वाटा. घर विकून, कर्ज फेडून, उरलेलं ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचं. किंवा नवऱ्याने तुमचा वाटा विकत घ्यायचा. किंवा मुलीची दहावी होईपर्यंत तुम्ही दोघी तिथेच राहायचं, हप्ते त्याने भरायचे आणि नंतर विकायचं. तिसरी वाट मुलीसाठी चांगली वाटते आणि मीही पूर्वी ती सुचवायचे. पण तीन वर्षांत कोणाचं दुसरं लग्न होतं, कोणाची नोकरी जाते, इमारत रिडेव्हलपमेंटला निघते, आणि दोन घटस्फोटितांना एकाच कागदावर सह्या करायला पुन्हा एकत्र यावं लागतं. ज्या जोडप्यांत अजून सरळ बोलणं आहे त्यांनाच मी हे सांगते. नाही तर वाटा विकत घेऊन मोकळं होणं मला सगळ्यात सुटसुटीत वाटतं. भाव ठरवताना एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या, शिवाय त्याच इमारतीत नुकत्याच झालेल्या विक्रीचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला उतारा, काढा.

दस्ताची वेळ महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. नोंदणी शुल्क आणि स्थानिक अधिभार वेगळे, ते त्या वेळी विचारून घ्यायचे. एरवी मुंबईत ५ टक्के आणि वर १ टक्का मेट्रोचा. तुमच्या घराच्या निम्म्या वाट्यावर म्हणजे ८० लाखांवर हे ४ लाख ८० हजार होतात. पण ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूम झाला की नातं संपलं, सवलतही संपली. दुसरं, बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. तुम्ही ६० लाख घेऊन वाटा सोडणार असाल तर ते बक्षीस होत नाही. तसं दाखवून शुल्क वाचवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढे दस्त अडकतो. अशा वेळी शुल्क लागणारच, ते कोणाच्या खिशातून जाईल हे कन्सेन्ट टर्म्समध्ये लिहा. घर गहाण आहे म्हणून बँकेची संमतीही लागेल.

परस्पर संमतीच्या अर्जात दोन टप्पे असतात, मधे सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफ करतं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पहिल्याच तारखेला घरावरचा हक्क सोडून मोकळं व्हायचं नाही. काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली डिमांड ड्राफ्टने दुसऱ्या तारखेला कोर्टात हातात, आणि दस्ताची नोंदणी त्याच्या अगदी आदल्या दिवसांत, असं मी बांधते.

दागिन्यांचं उत्तर सगळ्यात सरळ आहे. लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेलं सोनं, मग ते माहेरचं असो की सासरचं, तुमचं स्त्रीधन आहे. त्याची वाटणी होत नाही, ते परत मिळतं. सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे त्यांच्याकडे ते सांभाळायला दिलं. सर्वोच्च न्यायालय १९८५ पासून हेच सांगत आलंय. आणि वेगळं राहायला लागून बरीच वर्षं झाली म्हणून हक्क गेला, असंही होत नाही, हे २०१५ च्या निकालाने स्पष्ट झालं. अडचण येते ती काय काय होतं हे सांगताना. लग्नाचा अल्बम काढा. एकेक फोटो बघून यादी करा: ठुशी, कोल्हापुरी साज, तोडे, पाटल्या, मोत्याची नथ, प्रत्येकापुढे कोणी दिलं आणि अंदाजे किती तोळे. सराफाच्या पावत्या वडिलांकडे असतील. मावश्या, काकू काय घेऊन आल्या होत्या ते त्यांना विचारून लिहा. एक पाटल्यांची जोडी सासूबाईंनी वापरायला दिली होती आणि ती त्यांच्या आईची होती, असं असेल तर ती यादीत घालू नका. एका खोट्या नोंदीने अख्खी यादी संशयात येते. आधी वकिलामार्फत नोटीस द्या. नाहीच दिलं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली परत मिळवण्याचा आदेश मागता येतो, आणि विश्वासघाताची फौजदारी तक्रारही होते. ती शेवटची ठेवा, कारण ती झाली की मध्यस्थीचं टेबल उलटतं.

गिरगावची पागडीची खोली सासऱ्यांची. भाडेपावती त्यांच्या नावावर, तुमच्या नवऱ्याच्याही नाही. तिच्यात तुमचा वाटा नाही आणि तो मागून तुमच्या खऱ्या मागण्या कमकुवत करू नका. ज्यांचा संसारच सासू-सासऱ्यांच्या घरात चाललाय त्यांच्यासाठी मात्र गोष्ट वेगळी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामाईक घर असू शकतं. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत उलट चित्र आहे: तिथे करार मूळ झोपडीधारक आणि जोडीदार अशा दोघांच्या नावे करायचा असतो. तशा घरातल्या बाईने आपलं नाव खरंच लागलंय का, हे कागद उघडून बघावं. मुंबईच्या जुन्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतोय. तिथल्या दोन जोडप्यांच्या बाबतीत वाद आधीच होता, पण खोलीची किंमत वाढल्यावर तो वाढला.

नवऱ्याचा पीएफ, म्युच्युअल फंड, शेअर्स यांत तुमचा थेट वाटा नाही. पण पोटगी ठरवताना ते सगळं मोजलं जातं. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असते. ते प्रतिज्ञापत्र नीट वाचा. डिमॅट खातं गायब आहे का, बोनस लपवलाय का, भावाच्या नावावर अचानक रक्कम गेलीय का. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलंय की कायम पोटगी जोडीदाराच्या श्रीमंतीची बरोबरी करण्यासाठी नसते. त्यामुळे घरातला वाटा आणि पोटगी यांची सरमिसळ करू देऊ नका. "तुला ५० लाख देतो, त्यातच सगळं आलं" असा प्रस्ताव आला तर विचारा, त्यात घराचे किती, तुमच्या पोटगीचे किती, आणि मुलीचा खर्च धरलाय का? मुलीचा खर्च मागण्याचा हक्क तुमच्या सहीने संपत नाही, तो तिचा आहे. एकरकमी पोटगीवर साधारणपणे आयकर लागत नाही, दरमहाची मिळकत म्हणून धरली जाते, हेही आकडा ठरवताना मनात ठेवा.

तुमच्या प्रकरणात मी कुठे थांबेन? घराचे ५० लाखांच्या खाली येणार नाही, सोनं पूर्ण, मुलीचा दरमहाचा खर्च आणि पुढच्या शिक्षणाची तरतूद वेगळी, आणि तुम्ही पुन्हा नोकरीला उभ्या राहीपर्यंत तीन वर्षांची पोटगी. ५८ ऐवजी ५० का, तर खटला चालवला तर निकाल यायला पाच-सात वर्षं सहज लागतात, अपील वेगळं, आणि समाईक निधीचा मुद्दा कोर्ट मान्य करेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. नवऱ्यालाही हाच हिशोब लागू आहे. वीस लाखांवर अडून बसला तर तितकी वर्षं त्याला ते घर विकताही येणार नाही, तुमच्या सहीशिवाय.

शेवटी तुम्ही विचारलंय की रोजची भांडणं सहन होत नाहीत, कल्याणला आईकडे जाऊ का. मारहाण होत असेल तर आजच जा, आणि तिथून संरक्षणाचा अर्ज करू. तसं नसेल तर घाईने घर सोडू नका. गेल्याने मालकी जात नाही, पण कागद मागे राहतात आणि कुलूप बदललं की आत जायला कोर्टाचा आदेश लागतो. जायचंच ठरलं तर करारनामा, कर्जमंजुरीचं पत्र, वडिलांच्या त्या ३ लाखांच्या चेकची नोंद आणि लग्नाचा अल्बम बरोबर घ्या, मूळ नाही तर निदान प्रती. आणि सोमवारी बँकेत जाऊन जॉइंट खात्याचं २०१३ पासूनचं स्टेटमेंट मागा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. जुनी वर्षं काढायला त्यांना वेळ लागतो, आणि खातं आज तुमच्याही नावावर आहे.